तिसरं पाणी

इकडे ऋतू बदलला हे कानाला कळतं. सात-आठ महिने घरात एसीचा आवाज भिंतीसारखा उभा असतो. त्याची इतकी सवय होते की तो ऐकूही येत नाही. मग नोव्हेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी उठतं, तो बंद करतं, खिडकी सरकवतं, आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. खालच्या मशिदीतली अजान, पार्किंगमधल्या गाड्यांचे दरवाजे, समोरच्या बाल्कनीतल्या मल्याळी बाईंचं फोनवरचं बोलणं, सगळं आत येतं. आमच्याकडे एसी बंद करण्याचं काम उज्ज्वलाचं होतं. "आला हो हिवाळा," असं म्हणून ती बटण दाबायची, जणू तिनेच त्याला बोलावून आणलं होतं. आता ते बटण मी दाबतो. यंदा दाबलं आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

मी अबू धाबीजवळ मुसफ्फामध्ये एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. इमारतीला किती काँक्रीट लागेल, किती लोखंड लागेल ते आधी सांगायचं आणि नंतर तेवढंच लागलं का ते तपासायचं, हे माझं काम. त्यामुळे मोघम बोलायची मला सवय नाही. माझी बायको उज्ज्वला मैत्रिणींना सांगायची, "ह्यांना भाजी छान झालीय एवढं कळून पुरत नाही. मीठ किती कमी पडलं तेही सांगतात."

हिवाळा म्हणजे इकडे डोंगरात जायचा ऋतू. लिफ्टमध्ये, ऑफिसच्या पँट्रीत, सगळीकडे एकच प्रश्न असतो, या वीकएंडला कुठली वादी? वादी म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या कोरड्या नदीची दरी. गाड्यांच्या डिक्कीत कोळशाच्या पिशव्या, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि मसाला लावलेल्या चिकनचे डबे चढतात. गेले दोन हिवाळे मला कुणी विचारलं की मी म्हणायचो, "बघू, इन्शाल्ला." इकडे 'नाही' म्हणायची ती सभ्य रीत आहे.

यंदा मात्र विचारणारी सई होती, आमची एकुलती एक मुलगी. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि डिसेंबरात सुट्टीला येणार होती. तिने मेसेज केला, "बाबा, कॅन वी गो टु द वादी धिस टाइम? अवर वादी." मी 'बघू' लिहिलं, पुसलं, आणि नुसतं 'हो' लिहून पाठवलं.

आमची वादी म्हणजे शारजाहून कल्ब्याला जाणाऱ्या रस्त्यावरची वादी अल हिलो. हिलो म्हणजे गोड. तिथलं पाणी गोड म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. मी ते कुठल्या कागदावर तपासलेलं नाही. अबू धाबीहून दोन-अडीच तास लागतात. आधी सपाट रेती, मग रेतीत उगवल्यासारखे विजेचे टॉवर, मग एका वळणावर एकदम डोंगर. हे डोंगर सह्याद्रीसारखे नाहीत. त्यांच्या अंगावर मातीचा कपडाच नाही. तपकिरी, जांभळट, काळे, नुसती हाडं. दोन बाजूंना असे उभे कडे आणि मधून पांढऱ्या गोट्यांचं रुंद पात्र. त्याला नदी म्हणायचं तर ती वर्षातून काही तास वाहते. नाही म्हणायचं तर एवढी खोल दरी कापली कुणी? मी या प्रश्नावर पहिल्याच सहलीत बोलत बसलो होतो. उज्ज्वला म्हणाली, "अहो, कोरडी आहे म्हणजे नाही असं कसं? झोपलीय ती."

तिला हे सांगण्याचा अधिकार होता. तिचं माहेर माण तालुक्यात, म्हसवडजवळ. तिथली माणगंगा उन्हाळ्यात अशीच वाळूचा पट्टा होऊन पडते. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी वाटी आणि कळशी घेऊन पात्रात जायच्या आणि झिरा काढायच्या. झिरा म्हणजे वाळूत हाताने उकरलेला खड्डा. कोपरभर खोल गेलं की वाळू ओली लागते, आणखी खाली गेलं की बुडाशी पाणी साचायला लागतं. मला हे माहीत नव्हतं. मी ठाण्यात नळाच्या पाण्यावर वाढलो.

दरीच्या एका अंगाला खजुराची बाग आहे आणि बागेला पाणी नेणारा दगडी पाट. वर टेकडीवर टेहळणीचा गोल बुरूज, दगड-मातीचा, नीट डागडुजी केलेला. खाली जुन्या वस्तीची दगडी घरं, त्यांची दारं इतकी बुटकी की आत जायचं तर वाकूनच जावं लागतं. कित्येक हजार वर्षांपूर्वी या दरीत तांबं वितळवत होते, असं तिथला फलक सांगतो. पायाखाली कधी कधी काळा, जड, फुगे आल्यासारखा खडा येतो. तो भट्टीतला मळ. पहिल्यांदा सई सहावीत असेल, तिने एक उचलून खिशात टाकला. मी तो परत ठेवायला लावला. उज्ज्वला म्हणाली, "एवढ्या जणांनी जे टाकून दिलं तेसुद्धा घेऊन जायची चोरी?" मी म्हटलं, नियम आहे. तिने सईकडे बघून डोळा मारला, पण खडा परत ठेवला.

बागेची राखण शेर जमान नावाचा एक पठाण करतो. स्वातचा आहे. पहिल्या खेपेला त्याने आम्हाला लांबून पाहिलं, उज्ज्वला पात्रात गुडघ्यांवर बसून उकरत होती, ते पाहून तो धावत आला. "भाभी का कुछ गिर गया? अंगूठी गिर गया?" उज्ज्वला म्हणाली, "नहीं भैया, पानी निकालती हूँ." तो खड्ड्यात बघून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "उधर मेरा नल है! भाभी, नल है!" पण मग तोही तिथेच बसून राहिला, पाणी येईपर्यंत. त्यानंतर आम्ही गेलो की तो चहाची किटली आणायचा आणि विचारायचा, "भाभी, आज कुआँ किधर?"

झिऱ्याचा एक शिष्टाचार आहे. पहिलं पाणी गढूळ असतं, ते वाटीने उपसून टाकायचं. दुसरं येतं तेही जरा मातकट, तेही टाकायचं. मग हात काढून घ्यायचा, वाळू हलवायची नाही, आणि थांबायचं. तिसरं पाणी येतं ते खालच्या वाळूचा कण न् कण दिसेल इतकं निवळ. उज्ज्वला पहिली वाटी स्वतः चाखायची आणि म्हणायची, "गोड आहे." मग सईला द्यायची, मग मला. मी म्हणायचो, हे पाणी टेस्ट केलेलं नाही. ती म्हणायची, "केलं की. आत्ताच."

आणि निघताना झिरा बुजवायचा नाही. त्यावरून आमचं दर वेळी व्हायचं. कुणाचा तरी पाय मुरगळेल, बुजवून जाऊ, असं मी म्हणायचो. "अहो, संध्याकाळी शेळ्या येतात, पाखरं येतात. आपण गेल्यावर त्यांनी काय करायचं?"

हे सगळं बरं असतानाचं झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात उज्ज्वलाची पोटदुखी तपासायला गेलो, आणि दोन आठवड्यांनी एका डॉक्टरांनी खुर्ची आमच्या बाजूला ओढून घेतली. डॉक्टर टेबलापलीकडून उठून शेजारी बसले की काय ते समजावं, एवढं मी तेव्हापासून शिकलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. केमो देता येईल, त्याने वेळ मिळेल. मी विचारलं, किती. त्यांनी आकडा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, ह्यांनी मोघम बोलायला हवं होतं.

गाडीत बसल्यावर उज्ज्वलाने पट्टा लावला आणि म्हणाली, "सईची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही."

मी हो म्हटलं. विचार करायला मला वेळ लागला नाही, हे मुद्दाम लिहितो. आपल्यात परीक्षा असलेल्या घरात वाईट बातमी चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवतात. आमच्या मजल्यावरच्या नीता वहिनींचे सासरे गेले, तेव्हा त्यांच्या मुलाला शेवटचा पेपर होईपर्यंत आजोबा आयसीयूमध्ये आहेत असं सांगितलं होतं. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्या पोराला सोडून. माझ्या स्वतःच्या दहावीत माझी आत्या गेली. वडील भर दुपारी डोक्यावरून आंघोळ करून आले आणि मी भूमितीचं पुस्तक धरून त्यांच्याकडे बघितलं. "उकडतंय फार," ते म्हणाले. महिन्याने कळलं. मला तेव्हा राग आला नव्हता. उलट वाटलं होतं, घरच्यांनी आपल्याला सांभाळलं. म्हणून हे असंच करतात असं मी धरून चाललो. माझ्यासाठी बरोबर होतं ते सईसाठीही असेल, हा हिशोब मी मांडला. एका इमारतीचं माप दुसरीला लावायचं नाही, हे मी ऑफिसात पोरांना रोज सांगतो.

सईला सांगितलं की आईला अल्सर झालाय, औषधं जड आहेत, त्याने थकवा येतो आणि केस गळतात. केस गळायला लागले तेव्हा उज्ज्वलाने स्वतःच बारीक कापून घेतले. सई म्हणाली, "आई, धिस इज सो कूल, यू लुक लाइक अ न्यूजरीडर." उज्ज्वला आरशात बघून म्हणाली, "बातम्या कसल्या देऊ गं?" दोघी हसल्या. मी किचनमध्ये नळ सोडून उभा राहिलो.

आणि दर शनिवारी, जेव्हा जेव्हा तिला झेपेल तेव्हा, वादी. हे तिनेच ठरवलं. सईला वाटायचं तिच्यासाठी ब्रेक म्हणून नेतात. ती मागच्या सीटवर सॅम्पल पेपर घेऊन बसायची. वाटेत पेट्रोलपंपावर करक चहा, मग डोंगर. उज्ज्वला खिडकीची काच खाली करायची आणि हात बाहेर काढून ठेवायची. मी 'हात आत घे' असं म्हणायचं सोडून दिलं होतं.

त्या हिवाळ्याचं मला काय काय आठवतं ते सांगायला गेलो तर क्रम लागत नाही. बोराचं झाड आठवतं. पात्राच्या काठाला आपल्या बोरीसारखीच काटेरी झाडं आहेत, फळं पिवळी, गोल, पिठूळ. संक्रांतीच्या आसपास ती खाली पडतात. उज्ज्वला ओढणीत वेचायची आणि मला सांगायची, "सुपरमार्केटात बारा दिरहम किलो. म्हणजे पावणेतीनशे रुपये हो! इथे फुकट सांडलीत." तिला खायला जात नसत. ती वेचायची फक्त. घरी डब्यात ठेवायची आणि मऊ पडली की मी टाकून यायचो.

बुरूज आठवतो. आधी ती माझ्यापुढे चढून जायची आणि वरून ओरडायची, "क्वांटिटी, या की वर!" त्या हिवाळ्यात ती पायथ्याच्या दगडावर बसली. "गुडघा दुखतोय," ती सईला म्हणाली, "तू जा, वरून हात कर." सई गेली, तिने वरून दोन्ही हात हलवले. उज्ज्वलाने खालून हलवले, आणि सई पाठ वळवून पलीकडचा फोटो काढायला लागली तरी हलवत राहिली. सईने मागे वळून बघावं असं मला वाटत होतं, आणि बघू नये असंही.

शेर जमानला काहीतरी कळलं होतं. तो आता 'कुआँ किधर' विचारायचा नाही. तोच आधी जाऊन ओलीची जागा बघून वरचे मोठे गोटे बाजूला करून ठेवायचा, म्हणजे भाभीला नुसती वाळू उकरावी लागेल. तिच्याने तेही पुरं व्हायचं नाही. मग मी उकरायचो आणि ती सांगायची, "इथे नको, वळणाच्या आत घ्या. पाणी वळणावर थांबतं."

फेब्रुवारीतला एक शनिवार. परीक्षा तोंडावर होती. केमोने उज्ज्वलाच्या तोंडाची चव गेली होती. वरणभात असो की चहा, सगळ्याला लोखंड लागतं म्हणायची. झिऱ्याला तिसरं पाणी आलं. डॉक्टरांनी असलं पाणी प्यायचं नाही म्हणून बजावलेलं, तेव्हा तिने बोट बुडवून फक्त जिभेला लावलं आणि थुंकलं.

"लोखंड," ती म्हणाली. मग तिने वाटी भरली आणि मागे वळून हाक मारली. "सई! ये गं जरा. मला चवच लागत नाहीये. चाखून सांग, गोड आहे का."

सई एका सपाट दगडावर मांडी घालून बसली होती, मांडीवर पेपर, कानामागे पेन्सिल खोचलेली. तिने मान वर केली नाही. "वन मिनिट, आई. लास्ट सम."

उज्ज्वला वाटी धरून थांबली. ओठ न हलवता ती माझ्याकडे बघून हसली, 'बघा, किती अभ्यास करते,' असं. पाणी वाटीच्या काठावरून तिच्या मनगटावर ओघळत होतं. गणित एका मिनिटाचं नव्हतं. मग वारा सुटला, तिला हुडहुडी भरली, आणि मी म्हटलं, यल्ला, निघू या. तिने वाटीतलं पाणी परत झिऱ्यात सोडलं. अगदी हळू, वाळू हलू नये असं.

त्यानंतर तिला वादीपर्यंतचा प्रवास झेपला नाही.

मार्चअखेर शेवटचा पेपर झाला. सई घरी आली, बॅग सोफ्यावर फेकली, "डन! खलास!" म्हणून ओरडली. उज्ज्वला डायनिंग टेबलाशी बसली होती. तिने मला बोलू दिलं नाही. "सई, बस. आता ऐक," म्हणाली आणि सगळं सांगितलं, नाव, कुठवर पसरलंय ते, किती वेळ. तिचं मराठी नेहमी गावाकडे वळायचं, त्या दिवशी अगदी शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ होतं.

सई रडली नाही. तिने विचारलं, "सिन्स व्हेन?"

"नोव्हेंबर."

तिने टेबलावरची मिठाची बाटली उचलून परत ठेवली. "द होल विंटर?" ती म्हणाली. "होल विंटर, आई?"

एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला गेलो. माझ्या भावाचा फ्लॅट, दोन खोल्या, खिडकीबाहेर गुलमोहर. उज्ज्वला मे महिन्यात गेली. बोर्डाचा निकाल त्यानंतर लागला. ज्या निकालासाठी ते सगळं केलं तो तिने पाहिला नाही. मार्क चांगले पडले होते. किती, ते मी इथे लिहीत नाही.

निकालाच्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येत होते. सई फोन न घेता गॅलरीत उभी होती. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो. काहीतरी करायला हवं म्हणून आणले होते. तिने बॉक्सकडे पाहिलं आणि बोलली. तिचं बोलणं बहुतेक इंग्रजीत असतं, त्या दिवशी मात्र मराठीत सुरू झालं.

"तिने मला पाणी चाखायला बोलावलं होतं, बाबा. एकदा. आणि मी इंटिग्रेशन करत बसले. मला माहीत असतं तर मी पेपर फाडून टाकला असता. यू गाइज डिडन्ट लेट मी नो दॅट इट वॉज द लास्ट टाइम. तुम्हाला दोघांना माहीत होतं. फक्त मी पिकनिकला आले होते."

मी म्हटलं, "आईची इच्छा होती."

"आय नो," ती म्हणाली. "म्हणून तिच्यावर चिडताही येत नाही."

मग तिने माझ्याकडून वचन घेतलं. यापुढे काही लपवायचं नाही, नथिंग. चांगलं, वाईट, छोटं, मोठं. मी ते पाळलं आहे. माझ्या रक्ताच्या तपासणीचे सगळे रिपोर्ट मी तिला पाठवतो. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज झाली, तेव्हाही त्याच दिवशी कळवलं. ती उत्तर देते, "थँक्स फॉर टेलिंग मी." जेवलात का, झोपलीस का, फी भरली, पोचली. अडीच वर्षं आम्ही एकमेकांशी फार नीट वागतो आहोत. नवीन भाडेकरू आणि घरमालक वागतात तसं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मुलगी गेली असं मी म्हणणार नाही, ती आहे. रोज संध्याकाळी तिचा मेसेज येतो. पण घरातली दोन माणसं गेली, हे मला एसी बंद केल्यावरच्या शांततेत दर नोव्हेंबरला कळतं.

तर या डिसेंबरात आम्ही गेलो. सई पुढच्या सीटवर बसली. आईच्या जागी. बसताना दोघंही जरा थांबलो. पेट्रोलपंपावर करक घेतला. डोंगर आले तेव्हा तिने काच खाली केली, हात मात्र बाहेर काढला नाही.

पात्र ओळखूच येईना. मधल्या काळात पाणी येऊन गेलं होतं. वादीला पाणी येतं तेव्हा डोंगरात कुठेतरी पाऊस पडलेला असतो, इथे ऊनही असू शकतं, आणि काही तासांत सगळं इकडचं तिकडे होतं. ज्या दगडावर सई बसायची तो दिसला नाही. बोरीचं झाड होतं, त्याच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्या उंचीवर वाळलेलं गवत अडकलं होतं. इतक्या उंचीने पाणी गेलं होतं. मी मनात उंची मोजली. सवय.

शेर जमान आला. दाढी आता पूर्ण पांढरी झाली आहे. त्याने सईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे, गाडीकडे.

"भाभी नहीं आया?"

मी काही बोलण्याआधी सई म्हणाली, "आई गुजर गयी, चाचा. ढाई साल हो गया."

त्याने दोन्ही हात वर करून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग म्हणाला, "उसका कुआँ सैलाब ले गया, बेटा. मैंने बहुत दिन रखा था." आणि चहाची किटली आणायला गेला. तो लवकर परतला नाही.

आम्ही वळणाच्या आतली जागा शोधली. मी गुडघ्यांवर बसलो. उज्ज्वलाची वाटी मी बरोबर आणली होती. तिच्याशिवाय उपसायचं कशाने? वरचे गोटे काढले, खडी काढली, मग वाळू. सई उभी राहून फोनवर काहीतरी बघत होती, किंवा बघत नव्हती. कोपरभर खोल गेलो तरी वाळू कोरडी.

"बाबा, इट्स ड्राय. सोडा."

मी उकरत राहिलो. खांदा दुखायला लागला. नखात खडे गेले. मला आतून हट्ट चढला होता. पाणी आलं नाही तर या मुलीला काय दाखवायला आणलं, असं वाटत होतं. मी म्हटलं, "सई, जरा ये. हात लांब आहे तुझा."

"वन मिनिट," ती म्हणाली.

आणि म्हणताच गप्प झाली. तिने ऐकलं स्वतःचं. मी वर पाहिलं नाही. मग फोन गोट्यांवर पडल्याचा आवाज आला, आणि ती माझ्याशेजारी येऊन दाणकन गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी वाळू मागे फेकायला लागली, मांजर फेकतं तशी, माझ्या शर्टावर, स्वतःच्या केसांत. ती रडत होती, आवाज करून, तोंड उघडून, लहान मूल रडतं तशी. अडीच वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मध्येच तिने मुठीतली वाळू माझ्या छातीवर आपटली. "का नाही सांगितलं? का नाही सांगितलं मला?" उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते पुरत नव्हतं. पुन्हा एक मूठ आपटली. मी तसाच बसलो. मला बरं वाटत होतं, हे विचित्र आहे, पण खरं आहे.

वाळू ओली लागली तेव्हा दोघांनाही एकदम कळलं. बुडाशी गढूळ पाणी फुटलं. सईने डोळे मनगटाने पुसले, त्याने चेहऱ्याला आणखी वाळू लागली. तिने वाटी माझ्या हातातून घेतली आणि पहिलं पाणी उपसून टाकलं. थांबलो. दुसरं आलं, ते टाकलं. तिला सगळं आठवत होतं. मग आम्ही हात काढून घेतले.

तिसरं पाणी यायला वेळ लागतो. वर बुरुजावर कुणाची तरी मुलं ओरडत होती, त्यांचे आवाज कड्यावर आपटून उशिरा पोचत होते. एक धोबी पक्षी शेपटी हलवत जवळ येऊन बघून गेला. ऊन कड्याच्या माथ्यापाशी गेलं आणि पात्र निळसर झालं.

पाणी आलं. तळचा प्रत्येक कण दिसत होता.

सईने वाटी कडेने तिरकी करून भरली आणि एक घोट घेतला. बराच वेळ तोंडातच धरला. मग ती बोलली, माझ्याकडे न बघता, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला, जिथे बसून उज्ज्वला 'इथे नको, तिथे' सांगायची.

"गोड आहे, आई."

मग तिने वाटी माझ्यापुढे केली. मी प्यायलो. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली.

झिरा आम्ही बुजवला नाही. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून मी भोवती गोटे रचले, सईनेही चार आणून ठेवले. परत येताना तिने हात खिडकीबाहेर काढला आणि तसाच ठेवला.

पाणी किंचित मचूळ होतं. एवढी एकच गोष्ट मी तिला सांगितलेली नाही.